हॉल तिघींचा, अ‍ॅप एकीचं

ताई,

मी नांदेडची. नोकरीसाठी पुण्यात आले. कर्वेनगरला टू बीएचके फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो, त्यात मी सगळ्यांत नवी. सीनियर रूममेट इथे चार वर्षांपासून आहे, आयटीत आहे आणि घरातल्या बऱ्याच वस्तू तिच्याच आहेत. दिवाळीच्या आधी आमच्या दाराबाहेर ठेवलेलं एक पार्सल गेलं. त्यानंतर तिने स्वतःच्या पैशांनी स्मार्ट लॉक बसवलं आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर फिरता कॅमेरा लावला. अ‍ॅलेक्सा, म्हणजे बोलून चालणारा स्पीकर, आधीपासूनच होती. गिझरही स्मार्ट प्लगवर आहे, सकाळी सहा ते आठ. माझी शिफ्ट दुपारची, त्यामुळे मला तिला मेसेज करून तो चालू करून घ्यावा लागतो. सगळं तिच्या फोनवर. तेव्हा मीही "छान आहे" म्हणाले होते.

आता त्रास होतोय. परवा सकाळी ती म्हणाली, "काल सव्वाबाराला आलीस ना? जेवलीस का?" काळजीनेच विचारलं, पण माझ्या पोटात गोळा आला. ग्रुपवर मेसेज येतो, "मावशी आज बावीस मिनिटांत गेल्या." मी अ‍ॅलेक्सावर गोळीचं रिमाइंडर लावलं तर ते तिच्या अ‍ॅपमध्ये दिसलं आणि तिने विचारलं, "कसली गोळी?" गेल्या आठवड्यात कळलं की कॅमेऱ्याचं अ‍ॅप तिच्या आईबाबांच्या फोनमध्येही आहे. लेक दिसली की त्यांना बरं वाटतं म्हणे. तेव्हापासून मी हॉलमध्ये बसत नाही, ताटही खोलीत नेते. दुसरी रूममेट म्हणते, "आपण काय चोऱ्या करतो का? घाबरायचं कशाला?"

ती वाईट मुलगी नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा रात्रभर हॉस्पिटलमध्ये तीच बसली होती. मी उगाच बाऊ करतेय का? की दुसरं घर बघू?

– एक वाचक, पुणे

*

प्रिय मैत्रिणी,

तू बाऊ करत नाहीयेस. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यांत जास्त लागलेलं वाक्य म्हणजे "ताटही खोलीत नेते." भाड्याचा तिसरा हिस्सा तू भरतेस. हॉलचं भाडं त्यात आलं, पण हॉल मात्र तुझ्या हातून गेला. कुणी तुला बसू नको म्हणालं नाही. तूच उठून गेलीस, आणि तिथे बसणं अवघड झालं म्हणूनच गेलीस. घर बदलण्याचं नंतर बघू. आधी हॉल परत मिळवू.

"चोऱ्या करतो का" हा प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीला सांग, हॉलमध्ये माणसं चोऱ्या करत नाहीत, राहतात. केसांना तेल चोपडून, ओढणी बाजूला टाकून, जुन्या टी-शर्टात पाय पसरून बसतात. ऑफिसात बोलणी खाऊन आलं की सोफ्यावर पडून आईला फोन लावतात आणि फोनवर रडतात. यात लपवण्यासारखं काहीच नाही, तरी हे नांदेडच्या तुझ्या काकांनी बघावं असं तुला वाटेल का? मग रूममेटच्या बाबांनी का बघावं? ते सज्जन असतील, मुलीच्या काळजीपोटीच अ‍ॅप उघडत असतील. पण त्यांना त्यांची मुलगी दिसते तशीच तूही दिसतेस, आणि तुला ते दिसत नाहीत. फिरत्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा माइकही असतो. म्हणजे नुसतं दिसत नाही, ऐकूही जात असणार.

यावर माझं मत ठाम आहे. घराबाहेरच्या माणसांच्या फोनमधलं अ‍ॅप आजच्या आज बंद झालं पाहिजे, त्यात वाटाघाट नाही. लेकीला बघायचं असेल तर व्हिडिओ कॉल आहे. तो ती तिच्या खोलीतून रोज करू शकते.

आता तुझ्या सीनियरची बाजू. पार्सल खरोखर गेलं, तिने स्वतःचे पैसे घातले आणि घर सुरक्षित व्हावं असंच तिला वाटत होतं. डेंग्यूत रात्रभर बसणारी मुलगी तुझ्यावर पाळत ठेवायला कॅमेरा लावेल असं मला वाटत नाही. पण पार्सल गेलं दाराबाहेरून आणि कॅमेरा लागला टीव्हीच्या वर! तिथून जिना दिसत नाही, दाराबाहेरची जागा दिसत नाही. दिसता तुम्ही तिघी. उद्या पुन्हा पार्सल गेलं तर हा कॅमेरा काय सांगणार? सोफ्यावर कोण बसलं होतं एवढंच. हा मुद्दा तिला पटेल, कारण तिच्याच हेतूचा आहे. कॅमेऱ्याऐवजी व्हिडिओ डोअरबेल लावली तर पार्सल आणणारा दिसेल, बेल वाजवणारा दिसेल. फक्त तिचा रोख समोरच्या फ्लॅटच्या दारावर येऊ देऊ नका, आणि पॅसेज सोसायटीचा असल्यामुळे सेक्रेटरींना आधी विचारा.

ती म्हणेल, "मी कुठे सारखी बघत बसते?" खरं असेल. तरी हालचाल झाली की फोनवर सूचना येते, आणि माणूस ती उघडतोच. सव्वाबाराची वेळ तिला तशीच कळली असणार, कॅमेऱ्यातून नाहीतर लॉकमधून. शिवाय बघणारी ती एकटीच असते असंही नाही. अमेरिकेत २०२३ साली रिंग या अ‍ॅमेझॉनच्या कॅमेरा कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने आरोप ठेवला होता की कंपनीतल्याच माणसांना ग्राहकांच्या घरातले व्हिडिओ उघडता येत होते, आणि एका कर्मचाऱ्याने बायकांच्या खोल्यांतले हजारो व्हिडिओ पाहिले. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. चित्रण क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, गेलं की ते कोण बघतं हे तुमच्या सीनियरच्या हातात राहत नाही. तिचा स्वभाव कितीही चांगला असो.

मधला मार्ग म्हणून ती म्हणू शकते, "कुणी घरात नसतानाच चालू ठेवू." हे मी मान्य करीन, एका अटीवर. कॅमेरा बंद आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. बऱ्याच कॅमेऱ्यांचा छोटा दिवा अ‍ॅपमधून बंद करता येतो, म्हणून दिवा नाही म्हणजे चित्रण नाही असं धरू नकोस. प्लग काढलेला, किंवा कॅमेरा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, एवढं साधं ठेवा. शेवटची बाहेर पडणारी चालू करेल, पहिली घरात येणारी बंद करेल. गणपतीला तिघी गावी गेलात तर खुशाल आठवडाभर चालू असू दे.

पण तुम्ही तिघी नसताना घरात कोण असतं? मावशी असतात. पत्रात तू त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस. माझं मन तिथेच अडकलं. तुला सव्वाबाराच्या एका वाक्याने गोळा आला. मावशींची तर रोजची मिनिटं मोजली जातात, आणि ती त्या ज्या ग्रुपवर नाहीत तिथे टाकली जातात. तुला निदान मला पत्र लिहिता आलं. त्यांना कुणी सांगितलं तरी आहे का, की टीव्हीच्या वर आहे तो कॅमेरा आहे? केर काढताना कंबर धरून त्या दोन मिनिटं टेकत असतील, पदर खोचत असतील, घरी मुलाला फोन करत असतील. ते घर त्यांचं कामाचं ठिकाण आहे. त्यांना समोर बसवून नीट सांगा की कॅमेरा आहे, अमुक वेळी चालू असतो, आणि तुम्हाला नको असेल तर तुमच्या वेळेत बंद ठेवू. बावीस मिनिटांत कोपरे राहत असतील तर "मावशी, बेसिनखालचं राहतंय हो" हे तोंडावर सांगता येतं. मिनिटांचा मेसेज आजपासून बंद. यात सीनियरच्या हो-नाहीची वाट बघू नकोस. ग्रुपवर पुढचा मेसेज आला की तूच लिही, "असं नको मोजूया."

तू विचारलेलं नाहीस, पण कायदा काय म्हणतो तेही सांगते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. तुमच्या भांडणाला जवळचा निकाल कोलकाता उच्च न्यायालयाचा, २०२५ मधला. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावले होते. सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय ते चालवता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. त्यावरचं अपील सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळलं. तिथे भाऊ-भाऊ होते, तरी संमती लागली. मग तुम्ही तर तीन घरांतून आलेल्या तीन मुली. तू सुरुवातीला "छान आहे" म्हणालीस ती संमती झाली का, असं ती विचारेल. तेव्हा तुला आईबाबांचं अ‍ॅप माहीत नव्हतं, वेळा कळतात हे माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीला दिलेला होकार मी धरत नाही. आणि होकार दिला तरी तो परत घेता येतो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र इथे कामाचा नाही. एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळला आहे. कॅमेरा बेडरूममध्ये, बाथरूमच्या दाराच्या रोखाने किंवा कपडे बदलण्याच्या जागी असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई लागू शकतं, आणि दोन्हींत तुरुंगवास आहे. म्हणून एक काम कर. ती समोर असताना तिच्या फोनवर कॅमेरा गोल फिरवून बघा, तुझ्या खोलीच्या उघड्या दारातून आतलं काय काय दिसतं. दिसत असेल तर त्याच क्षणी जागा बदला.

हे कलमांचं तुझ्यासाठी लिहिलंय. तिच्यासमोर बोलताना त्यांचा उच्चार करू नकोस. कलम काढलं की मैत्रीण संपते आणि विरुद्ध पक्ष उरतो.

अ‍ॅलेक्साचं मला इतकं वाईट वाटत नाही. गाणी लागतात, भाजीची यादी होते. पण ती तिच्या अकाउंटवर आहे, हे विसरू नकोस. तू जे विचारतेस, जे रिमाइंडर लावतेस, ते तिच्या अ‍ॅपमध्ये जातं. तुझ्या आवाजातलं रेकॉर्डिंगही तिला तिथे ऐकता येतं. तिला अ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा इतिहास पुसायला सांग, आणि पुढचं आपोआप पुसलं जाईल असं करून घ्या. "ड्रॉप इन" नावाची सोय आहे, तीही बंद करा. परवानगी दिलेला माणूस तिच्यातून स्पीकरवर थेट येऊ शकतो, इकडे कुणी फोन उचलावा लागत नाही. आईबाबांच्या फोनमध्ये कॅमेरा आहे म्हटल्यावर हेही तपासलेलं बरं. स्पीकरवर माइकचं बटण असतं. ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि माइक बंद होतो. पाहुणे आले, किंवा कुणाला हॉलमध्ये मनातलं बोलायचं असेल, तर कुणीही ते दाबावं, कारण विचारू नये. गोळ्यांची आठवण मात्र स्वतःच्या फोनवर ठेव. कसली गोळी, हे तिला सांगायलाच हवं असं काही नाही. "आहे एक, बरी आहे मी," एवढं पुरे.

वाय-फाय तिच्या नावावर असेल तर त्याची धास्ती घेऊ नकोस. राउटरवर कोणता फोन जोडलाय ते दिसतं, फार तर कोणत्या साइट उघडल्या त्याची नावं. तुझं व्हॉट्सअ‍ॅप त्यातून वाचता येत नाही.

गिझरवर मी जरा थांबणार आहे, कारण यात धोका आहे आणि तुम्हा तिघींपैकी कुणीच तो बघितला नसेल. गिझर दोन किलोवॉटचा असेल तर तो जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तीन किलोवॉटचा असेल तर तेरा. बाजारात बरेच स्मार्ट प्लग दहा अँपिअरचे असतात. तसा प्लग गिझरला लावला तर तो तापतो, पिवळा पडतो, पुढे जळतो. आज घरी गेलीस की मेन स्विच बंद करून प्लगवर काय छापलंय ते बघ. १६ अँपिअर लिहिलं नसेल तर तो काढून टाका आणि गिझर पहिल्यासारखा भिंतीतल्या स्विचवर घ्या. १६ चा असेल तर अ‍ॅपमध्ये तुम्हा दोघींनाही जोडून घ्या, म्हणजे प्रत्येकीला स्वतःच्या फोनवरून चालू करता येईल. लाइट बिलाची तिला चिंता असेल तर हिशोब सोपा आहे. पंधरा लिटरचा दोन किलोवॉटचा गिझर पंधरावीस मिनिटांत तापतो, म्हणजे साधारण अर्धा युनिट. अर्ध्या युनिटसाठी मोठ्या मुलीने आंघोळीची परवानगी मागावी, हे मला सहन होत नाही.

लॉक राहू दे. तीन मुली राहतात, चावी हरवण्याची भीती नाही, चांगली वस्तू आहे. फक्त प्रत्येकीचा आणि मावशींचा कोड वेगळा हवा, आणि अ‍ॅपमध्ये निदान दोघींना पूर्ण अधिकार हवेत. ती सुट्टीत गावी गेली, फोनला रेंज नाही आणि लॉकने दगा दिला तर तुम्ही दोघी जिन्यात बसणार का? लॉकसोबत आलेली लोखंडी चावी कुठे आहे ते विचार. एक घरमालकांकडे किंवा ओळखीच्या शेजाऱ्यांकडे ठेवा. सेल संपले तर बाहेरून वीज देण्याची सोय बहुतेक लॉकना असते. कुठे नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची असते, कुठे चार्जरची वायर लावायची. तुमच्या लॉकला काय लागतं ते तिघींना माहीत असू दे. कोण किती वाजता आलं याच्या सूचना मात्र बंद करा. नोंद लॉकमध्ये राहील, पण ती उघडायची तिघींनी मिळून, काही घडलं तरच. रात्री घरी पोचल्याचं कुणीतरी बघावं असं तुलाही वाटत असेल, तर ते तू स्वतः कळव. "पोचले" असा एक मेसेज टाक. सव्वाबारा ही वेळ तू सांगितलीस तर ती काळजी, तुझ्याआधी फोनने सांगितली तर ती हजेरी.

आता बोलायचं कसं. ग्रुपवर लिहू नकोस. सकाळच्या घाईत, ओट्याशी तर मुळीच नको. कॅमेऱ्यावर रुमाल टाकणं, गुपचूप प्लग काढणं हेही नको. तिला ते अ‍ॅपमध्ये लगेच दिसेल आणि बोलणं भांडणाने सुरू होईल. आधी दुसऱ्या मैत्रिणीला एकटीला गाठ. ती बिनधास्त बोलते खरी, पण आईबाबांच्या अ‍ॅपचं तिला माहीत आहे का? माझा अंदाज आहे की नाही. मग रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिघी बसा, कॅमेरा बंद करून. साधारण असं बोल:

"तू माझ्यासाठी काय केलंस ते मी विसरलेली नाही, म्हणूनच मनात ठेवण्यापेक्षा बोलतेय. हॉलमधल्या कॅमेऱ्यामुळे मला तिथे बसवत नाही. काका-काकूंना दिसतं हे कळल्यापासून तर अजिबात नाही. पार्सलची काळजी मलाही आहे. आपण दाराबाहेर बेल-कॅमेरा लावूया, मी तिसरा हिस्सा देते."

आणि मग गप्प राहा. पहिल्यांदा तिला लागेल. "एवढं सगळं केलं आणि वर हे!" असं ती म्हणेल. म्हणू दे. लगेच माफी मागून मुद्दा सोडू नकोस. हिस्सा देते हे मात्र मनापासून म्हण, आणि खरंच दे. आत्तापर्यंत सगळं तिच्या पैशांनी आलं म्हणून तिच्या फोनवर गेलं. पैसे तिघींचे झाले की अ‍ॅपही तिघींचं मागता येतं. वस्तूंना पैसे देणं तुला महाग वाटत असेल तर तेही स्पष्ट सांग. मग साधी बेल आणि पार्सल वॉचमनकडे, हाही उपाय आहेच.

तिने ऐकलं नाही तर? तर घर बघ, आणि त्याचा अपराध वाटून घेऊ नकोस. त्याआधी करारनामा काढून बघ. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यात तुझं नाव असेल तर त्या घरावर तुझा हक्क तिच्याइतकाच आहे, आणि कॅमेऱ्याबद्दल तू घरमालकांशीही बोलू शकतेस. नाव नसेल आणि डिपॉझिट तू तिच्याच हातात दिलं असशील, तर निघायचं बोलण्याआधी त्या रकमेचा उल्लेख असलेला एखादा मेसेज तिच्याकडून लिहून घे. निघताना तुझा कोड आणि बोटाचा ठसा लॉकमधून काढून घे, अ‍ॅलेक्सात तुझ्या आवाजाची ओळख नोंदवली असेल तर ती पुसून घे, कॅमेऱ्याच्या कार्डावरचं आणि क्लाउडवरचं जुनं चित्रण डिलीट करायला सांग. हे सगळं तिच्या शेजारी बसून, तिच्या फोनवर. आणि नवीन घर बघायला जाशील तेव्हा ब्रोकरला पाणी कधी येतं हे विचारतेस ना, तसंच तिथे राहणाऱ्या मुलींना पहिल्याच भेटीत विचार की घरात कॅमेरा आहे का, कुठे आहे आणि कुणाकुणाच्या फोनवर दिसतो.

तुझी,
ताई